रुथ फाऊ : संत म्हणायचं की डॉक्टर?

मुक्तछंदी :
कॅथलिक नन असलेल्या डॉ. रुथ फाऊंचा विषय निघाला की 'पाकिस्तानच्या मदर तेरेसा' हे बिरूद ठरलेलं. मला ते खटकतं. १९६० मध्ये त्या जर्मनीहून भारतात यायला निघाल्या, व्हिसाच्या घोळात कराचीत अडकल्या. मॅक्लॉइड रोडमागच्या वस्तीत एक तरणा कुष्ठरुग्ण हातापायांवर रांगत दवाखान्यात येताना त्यांनी पाहिला आणि तिथेच राहिल्या. ही गोष्ट सगळे सांगतात. पण पुढे वेल्लोरला जाऊन त्या कुष्ठरोगाचे उपचार शिकल्या, गावोगाव फिरणारे तंत्रज्ञ तयार केले, १९६८ मध्ये पाकिस्तान सरकारला कुष्ठरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ओढलं, हे कोण सांगतं? १९९६ मध्ये तिथे कुष्ठरोग नियंत्रणात आल्याचं जाहीर झालं. संत म्हटलं की आपण हार घालून मोकळे!

खानदेशी :
असहमत. व्रत वगळून हिशेब कसा मांडणार? संसार नाही, बदली नाही, स्वतःची प्रॅक्टिस नाही. म्हणून तर ५७ वर्षं एकाच कामाला जुंपून घेता आलं.

वरोऱ्याची :
खानदेशी, मग आनंदवनाचं काय? बाबा आमटे आणि साधनाताई संसारी माणसं, मुलं-नातवंडंही त्याच कामात. तेव्हा तुमचा मुद्दा बाद. पण मुक्तछंदींचंही पटत नाही. 'नियंत्रणात' म्हणजे दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण, इतकंच. गोळ्यांनी जंतू मरतात, झडलेली बोटं परत येत नाहीत. बऱ्या झालेल्या माणसालाही घरचे उंबऱ्याबाहेर ठेवतात. तिथे तंत्रज्ञ कुठवर पुरणार?

मुक्तछंदी :
तंत्रज्ञ लवकर पोचला तर बोटं झडतच नाहीत. सगळा खेळ तिथेच आहे. आणि व्रताचं म्हणाल तर त्यांच्या नन-संघाला वेगळा पोशाखच नाही. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत निघालेला संघ, उघड वेश करणं परवडणारं नव्हतं. बाई सलवार-कमीज आणि ओढणीत फिरायच्या.

खानदेशी :
पोशाख नसला म्हणून व्रत सुटतं का? २०१७ मध्ये सरकारी इतमामात निरोप दिला, शवपेटीवर पाकिस्तानचा झेंडा होता, पण प्रार्थना झाली ती सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलमध्येच.

मुक्तछंदी :
आणि नाव दिलं ते कराचीच्या सिव्हिल हॉस्पिटलला. तेही 'डॉ.' लावून.