मदत हवी आहे: पाणी साचलेल्या रानातली केळी एकसारखी पिकत नाहीत

शिरोळ तालुक्यात नदीकाठच्या काळ्या रानात जी-नाईन जातीची केळी आहे. पूर बांधाबाहेरच थांबला, पण पाझराचं पाणी सरीत बरेच दिवस तुंबलं. चर काढून निचरा केला, वाफसा आल्यावर ठिबकमधून पोटॅश सोडलं. पानांवर करपा रोग नाही, पानं भरपूर आहेत.

मुळं गुदमरली की झाडात इथिलीन (फळ पिकवणारा वायू) वाढतं, हे ठाऊक आहे. अडचण काढणीनंतरची. रायपनिंग चेंबरमध्ये (केळी पिकवायच्या बंद खोलीत) १८ अंश, १०० पीपीएम इथिलीन, २४ तास. त्याच खोलीत माळावरचा माल झकास पिकला. या घडांच्या काही फण्या आधीच पिवळ्या, काही हिरव्याच, गर मऊ. (कार्बाइड सुचवू नका, बंदी आहे.)

उरलेले घड थोडे कोवळेच काढावेत का? आणि चेंबरमध्ये गॅसची वेळ बदलावी की तापमान?