४ हेक्टर प्रकल्पासाठी डिटेन्शन पाँडची साठवण क्षमता किती धरावी?

प्रश्न : स्थापत्य_हवेली

पुण्याजवळच्या ४ हेक्टरच्या एका गृहप्रकल्पात पावसाळी पाणी काही काळ थोपवून ठेवणारा तलाव आखायचा आहे. छपरे, रस्ते आणि मोकळी जागा धरून अपधाव गुणांक (पडलेल्या पावसापैकी वाहून जाणारा हिस्सा) ०.७ येतो, आणि खालच्या नाल्याची वहनक्षमता पाहता सेकंदाला ०.१२ घनमीटरपेक्षा जास्त पाणी सोडता येणार नाही. १० वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसाची तीव्रता १५ मिनिटांच्या सरीला ताशी १०० मिमी, ३० मिनिटांना ७५, ६० ला ५०, ९० ला ३७ आणि १२० ला ३० मिमी अशी धरली आहे. संकलन काळ (सर्वांत दूरच्या टोकाचे पाणी बाहेर पडण्याच्या जागी पोचायला लागणारा वेळ) १५ मिनिटे असल्याने कमाल विसर्ग सेकंदाला ०.७८ घनमीटर येतो, त्यातून ०.१२ वजा करून १५ मिनिटांनी गुणल्यावर सुमारे ५९० घनमीटर साठवण निघते. एवढी क्षमता पुरेशी मानावी का?

उत्तर : पाणलोट

पुरेशी नाही. संकलन काळाएवढी सर कमाल विसर्ग देते आणि गटाराचा व्यास ठरवायला ती योग्यच आहे, परंतु तलाव भरतो तो पाण्याच्या एकूण आकारमानाने, आणि कमी तीव्रतेची पण लांबलेली सर जास्त पाणी आणते. म्हणून प्रत्येक कालावधीसाठी आलेले पाणी आणि तेवढ्या वेळात बाहेर गेलेले पाणी यांतील फरक काढून त्यातला सर्वांत मोठा आकडा घ्यावा लागतो. तुमच्याच आकड्यांवरून ६० मिनिटांत ५० मिमी पाऊस पडतो, म्हणजे १,४०० घनमीटर पाणी येते, ४३२ बाहेर जाते आणि ९६८ साठवावे लागते. ३० मिनिटांना हाच फरक ८३४, तर १२० मिनिटांना ८१६ येतो.

त्यातही ०.१२ हा विसर्ग तलाव काठोकाठ भरल्यावरचा आहे. पाणी बाहेर सोडणाऱ्या मोरीच्या तोंडातून जाणारे पाणी वरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे तलाव भरत असताना सरासरी विसर्ग कमाल विसर्गाच्या दोन-तृतीयांश, म्हणजे ०.०८ धरणे सुरक्षित ठरते. तसे केल्यास ६० मिनिटांना १,११२, ९० मिनिटांना १,१२२ आणि १२० मिनिटांना १,१०४ घनमीटर येतात; निर्णायक सर ९० मिनिटांची ठरते आणि गरज तुमच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट होते. अंतिम आराखड्यासाठी पाच-पाच मिनिटांच्या टप्प्याने आवक-जावक मांडून हे तपासावेच.

उत्तर : सांडवा

वरील हिशेबाशी सहमत आहे. आता हे १,१२२ घनमीटर जमिनीवर कसे बसवायचे ते पाहू. तळ २६ × २० मीटर, बाजूंचा उतार १ ला ३ (१ मीटर उंचीला ३ मीटर आडवे) आणि पाण्याची खोली १.५ मीटर घेतल्यास वरचा पृष्ठभाग ३५ × २९ मीटर होतो. तळाचे आणि वरचे क्षेत्रफळ यांची नुसती सरासरी काढून खोलीने गुणले तर १,१५१ घनमीटर येतात. पण मधल्या पातळीचे ७४७ चौरस मीटर क्षेत्रफळ चौपट करून त्यात दोन्ही टोकांची क्षेत्रफळे मिळवली आणि बेरजेला खोलीच्या एक-षष्ठांशाने गुणले, तर खरा आकडा १,१३१ मिळतो. सरासरीची पद्धत उताराच्या तलावात नेहमी थोडे जास्तच दाखवते, आणि ती चूक धोक्याच्या बाजूची असते.

हे आकारमान मोरीच्या तळपातळीच्या वरचेच मोजावे. श्रावणात भूजल वर आलेले असते, आणि मोरीखाली कायम साचून राहणारे पाणी कागदावर साठवण दिसले तरी सरीच्या वेळी त्याचा उपयोग शून्य. गाळासाठी तळाशी वेगळी खोली, वर ३० सेंमी मोकळा काठ आणि मोठ्या पावसासाठी सांडवा हे सगळे या १,१३१ च्या बाहेरचे आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. तशा पावसासाठी कोणी तलाव खोदत नाही, पण तेव्हा पाणी कोणत्या वाटेने जाईल हे आराखड्यात आखलेले असलेच पाहिजे.

स्थापत्य_हवेली

मनःपूर्वक आभार. लागोपाठ दुसरी सर आली तर काय, हे कसे तपासावे?

पाणलोट

वरील मापांचा भरलेला तलाव, नवी आवक नसेल तर, त्याच मोरीतून रिकामा व्हायला सुमारे पावणेपाच तास लागतात. तुमच्या पर्जन्यमापकाच्या नोंदींत दोन जोरदार सरींमधले अंतर त्याहून कमी वारंवार दिसत असेल, तर दुसऱ्या सरीच्या आरंभी तलाव अर्धा भरलेला धरून पुन्हा हिशेब करा. मुंबईत, जिथे भरतीच्या वेळी समुद्राकडची मुखे बंद ठेवावी लागतात, तिथे तेवढे तास पंपाशिवाय जावक शून्य धरावी लागते. तुमच्याकडे नाला तुडुंब असताना मोरीचे तोंड बुडणार असेल, तर तेवढ्या वेळापुरता तोच नियम लावा.