लष्करमधल्या दगडी घरात बुखारी बसवायची आहे: पाइप, लाकूड आणि नाताळची गर्दी

लष्करकर
सलाम मंडळी. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जुनं घर आहे. दीड फुटी भिंती, वर पटियांचं (दगडी फरश्यांचं) छत. बैठकीची खोली १२ बाय १५, उंची ११ फूट. धुकं पडलं की दिवसभर घर तापत नाही, आणि रोज रात्रीची प्रार्थना याच खोलीत होते. घरात आजी आणि दोन लहान मुलं आहेत. नाताळाआधी कॅरोलवाले (घरोघरी नाताळची गाणी गाणारे) आले की एकदम २०-२५ माणसं. कोळशाची सिगडी आता बंद करायची आहे. त्याऐवजी बुखारी, म्हणजे धुराच्या पाइपाची लाकडावरची बंद लोखंडी शेगडी, किती मोठी घ्यावी? पाइप छतातून काढावा की रोशनदानातून (भिंतीतल्या वरच्या झरोक्यातून)? लाकूड कोणतं आणि किती लागेल? नाताळच्या मध्यरात्रीच्या उपासनेला सगळेच जातात, तेव्हा ती पेटती ठेवावी का?

मुरारचा_वेल्डर
सिगडी बंद करताय ते उत्तम. बंद खोलीत कोळशाच्या सिगडीने उत्तर भारतात दर हिवाळ्यात माणसं जातात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

तुमच्या खोलीला ४ ते ५ किलोवॅटची बुखारी पुरे. बाहेर ६ अंश असताना आत १८ राखायला साधारण २ किलोवॅट लागतात, थंड दगड तापवण्यासाठी पहिल्या तासाला थोडे जास्त. दुकानदार मोठी गळ्यात मारतात. मोठी घेतली की खोली उकडते, मग हवा कोंडून ती धुमसत ठेवावी लागते, आणि धुमसणारी आग म्हणजे पाइपात क्रिओसोट (धुराचं पेट घेणारं डांबर). लहान बुखारी, जोरात आग, हेच बरोबर. ५ मिमी पत्रा, आत फायरब्रिक, दाराला ग्लासफायबरची दोरी. दारात कागद धरून बंद करा, ओढल्यावर सहज निघाला तर दोरी बदला.

खरा खर्च पाइपावर करा. ओढ पाइप निर्माण करतो, बुखारी नाही. ५ इंची पाइप, बुखारीच्या माथ्यापासून टोकापर्यंत किमान १५ फूट. जीआयचा (जस्त चढवलेला) पाइप बुखारीला जोडू नका, तापल्यावर जस्ताचा धूर निघतो. सिमेंटचा एसी पाइप तर अजिबात नको, तो उष्णतेने तडकतो आणि त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. आत २ मिमी काळा पत्रा, बाहेर ३०४ स्टेनलेस.

पटियांच्या छताला भोक पाडू नका. पटिया गर्डरवर टेकलेली असते, टेकीजवळ कापली तर तडा जातो, आणि न कापताही सांध्यातून पावसाळ्यात गळतं. रोशनदानातून बाहेर काढा. बाहेर टी (तीन तोंडांचा जोड) बसवून खाली साफसफाईचं झाकण द्या आणि तिथून पाइप सरळ वर न्या. आडवा भाग ३ फुटांच्या आत, दर फुटाला पाव इंच चढ. टोक छतापासून ३ फूट वर, आणि १० फुटांच्या आत मुंडेर (गच्चीचा कठडा) किंवा पाण्याची टाकी असेल तर तिच्याहून २ फूट वर. बाहेरचा पाइप गार पडतो, म्हणून १ इंची सिरॅमिक ब्लँकेट गुंडाळून वरून पत्रा. हे केलं नाही तर जानेवारीच्या धुक्यात धूर वर चढायच्या ऐवजी खोलीत उतरेल. पेटवण्याआधी टीच्या झाकणातून एक कागद पेटवून पाइप गरम केला की ओढ लागते.

जोडणीत वरच्या पाइपाचं अरुंद तोंड खालच्या पाइपात जावं. बरेच मिस्त्री उलट लावतात, मग डांबर बाहेर ओघळतं. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू.

चंबळकाठ
लाकडाबद्दल. टालवर (लाकडाच्या वखारीत) विलायती बाभूळ, साधी बाभूळ, शिसव मिळेल. विलायती बाभूळ जड आहे, निखारा टिकतो आणि भिंड-मुरैनाकडून भरपूर येते. निलगिरी वर्षभर वाळल्याशिवाय नको. कण्हेर कधीच नको, धूर विषारी. प्लायवूड, पॉलिशचं फर्निचर, रंगाची चौकट हेही नको.

टालवरचं लाकूड ओलंच समजा. ताज्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं, तुम्हाला २० टक्क्यांच्या आत हवं. तपासायला १ किलोची ढलपी किसून ओव्हनमध्ये १०५ अंशाला वजन स्थिरावेपर्यंत ठेवा. ८३० ग्रॅम उरली तर १७ टक्के, चालेल. ७०० उरली तर पुढच्या वर्षासाठी. आता ऑक्टोबरात घेतलेलं ओलं लाकूड नाताळपर्यंत वाळणार नाही, या वर्षी जुना साठाच शोधा. पुढच्या वर्षीचं मार्चमध्ये घ्या, ३-४ इंच जाडीचं फाडून उन्हात रचा. ग्वाल्हेरचा मे महिना फुकटची भट्टी आहे. पावसात फक्त वरून पत्रा, बाजू उघड्या.

पहिल्या तासाला २ किलो, पुढे तासाला सव्वा ते दीड. चार तासांची संध्याकाळ म्हणजे ६ किलो, ४५ संध्याकाळी म्हणजे पावणेतीन क्विंटल. तीन क्विंटल घ्या.

थाटीपूर_७
एवढं करण्याआधी हिशेब करा. २ किलोवॅटचा हीटर चार तास म्हणजे ८ युनिट. पाइप, बसवणं, दरवर्षीची सफाई, लाकूड ठेवायला जागा, हे सगळं धरलं तर बुखारी स्वस्त नाही. वीज जाते म्हणून हवी असेल तर ठीक. आणि गल्ली अरुंद असेल तर तुमचा धूर शेजाऱ्याच्या खिडकीत जाईल, त्यांच्याशी आधी बोला.

मुरारचा_वेल्डर
थाटीपूर, धुराचं खरंच, पण कोरडं लाकूड आणि जोराची आग असली तर पहिल्या दहा मिनिटांनंतर फारसा दिसत नाही. पेटवताना मोठी लाकडं खाली, बारीक काटक्या वर, वरून पेटवा.

लष्करकर
आभार. कॅरोलच्या रात्रीचं आणि मध्यरात्रीच्या उपासनेचं राहिलं. आणि राखेच्या बुधवारी (उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी) कपाळाला लावायला याच बुखारीची राख चालेल का? आजी विचारतेय.

प्रार्थनाघर_कंपू
आजींना आधी: नाही. लाकडाची राख ओली झाली की क्षारी होते, कपाळाची कातडी भाजू शकते. बुधवारची राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरआधीच्या रविवारच्या) झावळ्यांची करतात. तीही पाण्यात कालवू नका, कोरडी किंवा थेंबभर तेलात. झावळ्या घरीच जाळायच्या तर बुखारीत नको, अंगणात पत्र्यावर. बुखारीची राख भांडी घासायला आणि बागेला, तीही दोन दिवस झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात फरशीवर थंड केल्यावर.

कॅरोलची रात्र: एक माणूस सुमारे १०० वॉट उष्णता देतो, २० माणसं म्हणजे २ किलोवॅट. ते यायच्या अर्धा तास आधी लाकूड घालणं थांबवा, निखारे पुरतील. पण हवा लागते: बुखारी तासाला १०-२० घनमीटर ओढते आणि तुमची खोली ५६ घनमीटरची. बुखारीजवळ भिंतीत खाली ४ इंची जाळीचं भोक ठेवा, गर्दीत दुसरं रोशनदान उघडा. स्वयंपाकघराचा एग्झॉस्ट तेव्हा बंद, नाहीतर तो धूर उलटा खेचतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आजींच्या पलंगाजवळ, डोक्याच्या उंचीवर. छताचा पंखा एकवर ठेवला तर ११ फुटांवरची ऊब खाली येते.

झाड, गव्हाणीचं गवत, पडदे बुखारीपासून ३ फूट दूर. मोरपंखीच्या झाडाच्या फांद्या वाळल्या की भडकतात. प्लास्टिकचं झाड आणि भेटींचे चमकदार कागद आत टाकू नका. पीव्हीसीच्या धुरातलं आम्ल पाइप खातं, आणि कागदाचा भडका पाइपातला क्रिओसोट पेटवू शकतो. मुलांसाठी भोवती लोखंडी जाळी, भिंतीला खिळलेली.

मध्यरात्रीची उपासना: पेटती सोडून जाऊ नका, आणि भरून हवा कोंडून तर नाहीच. साडेनऊला शेवटचं लाकूड, निघेपर्यंत ज्योत संपून निखारे उरतात. दार घट्ट लावा, हवेचा डँपर (झडप) मात्र थोडा उघडा ठेवा, निखारे असताना पूर्ण बंद केला तर वायू खोलीत येऊ शकतो. परतल्यावर निखारे पुढे ओढून दोन बारीक ढलप्या टाका, लगेच पेट घेतात.

हिवाळ्याआधी एकदा आणि मध्ये एकदा पाइपात तारेचा ब्रश फिरवा. थर ३ मिमी दिसला तर त्याच दिवशी.