.४४ स्पेशल की .३५७? कमरेला लपवून बाळगायचं छोटं रिव्हॉल्व्हर

बायू_सिटी_कर

मुक्काम ह्यूस्टन, ग्रीन कार्ड आहे, लायसन्स टू कॅरीचा (टेक्सासमध्ये हँडगन जवळ बाळगण्याच्या परवान्याचा) वर्ग पूर्ण झालाय. दिवसभर शर्टाखाली, पट्ट्याच्या आत बाळगायला रिव्हॉल्व्हर हवंय. पिस्तुलाचा विचार नाही. समोर तीन पर्याय आहेत: चार्टर आर्म्स बुलडॉग (.४४ स्पेशल, अडीच इंची नळी), रुगर एलसीआर (.३५७ मॅग्नम) आणि रुगर एसपी१०१ (.३५७ मॅग्नम). तिन्हींत पाचच काडतुसं बसतात.

इतक्या तोकड्या नळीतून मोठ्या कॅलिबरचा, म्हणजे जाड गोळीचा, फायदा खरंच मिळतो का? धक्का कशाचा जास्त? गोळी किती ग्रेन वजनाची घ्यावी? एक वापरलेलं बुलडॉगही स्वस्तात मिळतंय, ते घेताना काय तपासावं? आणि पत्नी एच-१बी या कामाच्या व्हिसावर आहे, तिलाही रेंजवर शिकवायचं आहे.

चाप_आणि_घोडा

कॅलिबरच्या आधी दाब बघा, बराच गोंधळ तिथेच मिटतो. सामी या अमेरिकी मानक संस्थेच्या मर्यादेनुसार .४४ स्पेशलचा कमाल दाब १५,५०० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आहे, .३८ स्पेशलचा १७,००० आणि .३५७ मॅग्नमचा ३५,०००. .४४ स्पेशल १९०७ सालचं काडतूस आहे. जड गोळी संथ वेगाने फेकायची, हीच त्याची रचना. त्यामुळे नळी तोकडी झाली तरी त्याचं फारसं बिघडत नाही, कारण मुळात वेगावर त्याची भिस्तच नव्हती. .३५७ ची सगळी ताकद वेगात. दोन इंची नळीत दारू पुरती जळत नाही, उरलेली तोंडाशी भडकते. ज्वाळा आणि आवाज पूर्ण मिळतो, वेग मात्र लांब नळीपेक्षा बराच खाली येतो.

धक्क्याचं गणित मांडून बघा. बुलडॉग सुमारे २१ औंसांचं, म्हणजे ५९५ ग्रॅम. त्यातून २०० ग्रेनची गोळी सेकंदाला ८०० फुटांनी सुटली तर धक्क्याची ऊर्जा साडेआठ फूट-पौंडांच्या आसपास येते. .३५७ चं एलसीआर १७ औंसांचं, ४८५ ग्रॅम. त्यातून १२५ ग्रेनची पूर्ण ताकदीची गोळी १,२५० फुटांनी सोडली तर तीच ऊर्जा सोळाच्या वर जाते. जवळजवळ दुप्पट! मूठ तेवढीच, बोटं तीच. एलसीआरमध्ये पूर्ण ताकदीची .३५७ काडतुसं घालणारा माणूस महिन्याभरात सराव सोडतो, आणि सराव सुटला की कॅलिबरला काही अर्थ उरत नाही.

गोळी कुठली म्हणाल तर बुलडॉगसाठी १६५ ते २०० ग्रेन. २०० ग्रेनची स्पीअर गोल्ड डॉट चांगली, १६५ ग्रेनची हॉर्नाडी क्रिटिकल डिफेन्स धक्क्याला सौम्य. २४६ ग्रेनची जुनी गोलनाकी शिशाची गोळी उघडत नाही, ती सरावापुरती ठेवा. ‘प्लस पी’ (नेहमीपेक्षा जास्त दाबाचं) असं छापलेलं .४४ स्पेशल मात्र बुलडॉगमध्ये घालू नका. या काडतुसाला ‘प्लस पी’चं सामी मानकच नाही, तेव्हा डब्यावरचा तो शब्द किती दाब सांगतो याला काही माप नाही.

पुंगळी

वरचं गणित पटलं, निष्कर्ष पूर्ण पटला नाही. एसपी१०१ मध्ये .३८ स्पेशल प्लस पी वापरा. सुमारे २६ औंस, ७३५ ग्रॅम वजन, सगळं पोलाद. धक्का बुलडॉगपेक्षा कमी, काडतुसं कुठल्याही दुकानात मिळतात आणि .४४ स्पेशलपेक्षा बरीच स्वस्त पडतात. रेंजवर दर आठवड्याला पन्नास काडतुसं झाडायची तर हा फरक वर्षाकाठी जाणवतो.

पण .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ झाडत राहिलात तर एक गोष्ट सांभाळा. .३८ ची पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) १.१५५ इंच लांब, .३५७ ची १.२९० इंच. मधल्या साडेतीन मिलिमीटरच्या जागेत काजळीचं कडं साचतं. नंतर लांब काडतूस घातलं की ते पूर्ण बसत नाही, त्याचा तळ बाहेर राहतो आणि सिलिंडर फिरायला अडतो. प्रत्येक सरावानंतर सिलिंडरमधली काडतुसांची पाचही घरं पितळी ब्रशने घासायची. पुसून हे कडं निघत नाही.

तोकड्या नळीचं आणखी एक दुखणं म्हणजे रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टरची दांडी. तीही तोकडी, त्यामुळे पुंगळ्या पूर्ण बाहेर ढकलल्या जात नाहीत. नळीचं तोंड आभाळाकडे करून तळव्याने दांडीवर एकच जोरदार फटका द्यायचा. तोंड आडवं ठेवून हळू दाबलं तर एखादी पुंगळी इजेक्टरच्या चांदणीखाली घसरते आणि मग ती नखांनी काढत बसावं लागतं. न जळलेले दारूचे कण चांदणीखाली गेले तरी सिलिंडर घट्ट होतो. जुना टूथब्रश त्यासाठी पुरतो. त्या भागात तेल घालू नका, तेलावर कण चिकटतात.

चाप_आणि_घोडा

पुंगळी यांचा .३८ चा मुद्दा मान्य, विशेषतः खर्चाचा. मला तरी बुलडॉगच योग्य वाटतं, कारण ३४ औंसांच्या वर न जाता नव्या मालात .४४ मिळण्याच्या जागा फार थोड्या आहेत. स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ६९ आणि रुगर जीपी१०० दोन्ही उत्तम, पण ती एक किलोच्या घरातली. दिवसभर कमरेला जाणवतात.

हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये एक चाचणी करायलाच हवी. धक्क्याने रिव्हॉल्व्हर मागे उसळतं, उरलेल्या काडतुसांतली गोळी जडत्वाने जागीच राहू बघते आणि पुंगळीतून पुढे सरकते. पुरेशी सरकली की सिलिंडरच्या पुढे डोकावते आणि फिरणं बंद. पाचव्या काडतुसाची लांबी व्हर्नियरने मोजून ठेवा, चार झाडा, पाचवं काढून पुन्हा मोजा. लांबी वाढलेली दिसली तर ते काडतूस त्या रिव्हॉल्व्हरसाठी बाद.

वापरलेलं घेताना आधी सिलिंडर उघडून पाचही घरं रिकामी असल्याची खात्री करा. मग घोडा अगदी सावकाश मागे ओढा, सिलिंडरला अंगठ्याने हलकासा अडसर द्या. घोडा पूर्ण मागे जाईपर्यंत सिलिंडर खटकन जागेवर बसलाच पाहिजे, आणि पाचही घरांवर. एकाही घरावर उशीर झाला तर गोळी नळीच्या कडेला घासून शिशाचे कपचे बाजूला उडतात. नळी आणि सिलिंडर यांच्यातली फट फीलर गेजने मोजा. ०.००४ ते ०.००८ इंच ठीक. इजेक्टरची दांडी वाकडी नाही ना, तिचे आटे सैल नाहीत ना, हेही बघा. आधीच्या मालकाने चाप हलका करायला स्प्रिंग बदलली असेल तर मूळ स्प्रिंग बसवून घ्या. नरम स्प्रिंगचा घोडा प्रायमरवर (काडतुसाच्या तळाशी असलेल्या ठिणगीच्या टोपीवर) उथळ ठोकतो आणि काडतूस फुटत नाही.

होल्स्टर चाप पूर्ण झाकणारं, पट्टा दीड इंची आणि ताठ. रबरी मूठ पकडीला छान, पण शर्टाचं कापड तिला चिकटून वर चढतं. गुळगुळीत लाकडी मूठ लपवायला बरी. ह्यूस्टनच्या घामात स्टेनलेस घ्या, तरी मुठीखालची जागा महिन्याला उघडून पुसा.

साक्षीदार_४४७३

पत्नीच्या प्रश्नाचं कोणी बोललं नाही आणि या सगळ्यात तोच जास्त गंभीर आहे. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ हे सगळे नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाचे व्हिसा. संघीय कायद्याने अशा व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. रेंजवर तासभर भाड्याने घेतलेली बंदूकही त्यात येते. नेहमीचा अपवाद म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू शिकारीचा परवाना. परवान्याआधी त्यांच्या हातात रिव्हॉल्व्हर देऊ नका.

घरातली तिजोरीही त्याच नजरेतून बघा. बंदूक तिथे आहे हे ठाऊक आणि तिजोरीचा आकडाही ठाऊक, तर तो ताबा मानला जाऊ शकतो. तोवर आकडा फक्त तुमच्याकडे ठेवा. घरात १७ वर्षांखालचं मूल असेल तर टेक्सासच्या दंडसंहितेचं कलम ४६.१३ वेगळं लागू होतं. निष्काळजीपणाने ठेवलेलं भरलेलं हत्यार मुलाच्या हाती लागलं तर तो ठेवणाऱ्याचा गुन्हा आहे.

२०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षांवरच्यांना परवान्याशिवाय बाळगता येतं, पण तेवढ्यावरून लायसन्सचा अर्ज अर्धवट सोडू नका. शाळेपासून हजार फुटांच्या आतल्या संघीय बंदीतून सूट राज्याच्या लायसन्सधारकाला मिळते, लायसन्स नसलेल्याला नाही. दुसऱ्या राज्यात गेलात तर तिथली मान्यताही त्या कार्डावरच.

बायू_सिटी_कर

रेंजचं माहीतच नव्हतं, या शनिवारची दोघांची वेळ आत्ताच रद्द केली. शिकारीचा परवाना कुठून काढायचा आणि किती दिवस चालतो?

साक्षीदार_४४७३

टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या संकेतस्थळावर, किंवा खेळाच्या सामानाच्या मोठ्या दुकानात काउंटरवर. नेहमीचा परवाना ३१ ऑगस्टला संपतो, कधीही काढला तरी. १ सप्टेंबरला नवा हातात नसेल तर त्या दिवसापासून मनाई पुन्हा लागू. छापील प्रत पत्नीच्या पर्समध्ये राहू द्या.