नागरिक सगळे सारखे, मग गटांना वेगळे हक्क कशाला?

नवीपाटी: राज्यशास्त्रात एम.ए. करतेय. चर्चासत्रात मी ठामपणे मांडलं की राज्याने माणसाचा वंश, धर्म, भाषा बघूच नये, फ्रान्ससारखं. गटागटाला हक्क वाटले की भिंती पक्क्या होतात. सरांनी एवढंच विचारलं, "मग लेबनॉनला काय सांगशील?" मला काही सुचलं नाही. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. माझं म्हणणं चुकीचं आहे का?

खडूफळा: वीस वर्षं हा विषय शिकवतोय, तरी याचं हो-नाहीत उत्तर देववत नाही.

फ्रान्सचं तत्त्व मलाही आवडतं. १९५८च्या राज्यघटनेचं पहिलंच कलम सांगतं की मूळ, वंश, धर्म यांवरून भेद न करता कायद्यापुढे सगळे समान. १९९१मध्ये एका कायद्यात कॉर्सिका या फ्रेंच बेटावरच्या लोकांचा 'कॉर्सिकन जनता' असा वेगळा उल्लेख आला, तर घटना परिषदेने, म्हणजे कायदे घटनेत बसतात का हे तपासणाऱ्या संस्थेने, तेवढा भाग रद्द केला. जनगणनेत वंश विचारत नाहीत. पण आडनाव बघून कुणाला घर नाकारलं, नोकरी नाकारली, तर असं किती जणांच्या बाबतीत होतं हे दाखवायचं कशावरून? अभ्यासकांना मग आई-वडिलांचा जन्मदेश विचार, वेगवेगळ्या नावांनी सारखेच अर्ज पाठवून बघ, अशा आडवाटा धराव्या लागतात. सरकारने डोळे मिटले म्हणून घरमालकाने मिटलेले नसतात.

आता दुसरं टोक, बोस्निया. १९९५च्या डेटन कराराने युद्ध थांबवलं, आणि त्याचं मोल मी कधीच कमी लेखणार नाही. त्यातूनच आलेल्या राज्यघटनेत अध्यक्षपद तिघांचं: एक बोस्नियाक (म्हणजे बोस्नियन मुस्लिम), एक क्रोएट, एक सर्ब. याकोब फिंची ज्यू. जानेवारी २००७मध्ये निवडणूक आयोगाने त्यांना लेखी कळवलं की ज्यू असल्यामुळे तुम्हाला या पदासाठी उभं राहता येणार नाही. त्यांच्या खटल्याच्या निकालपत्रातला तो भाग मी दरवर्षी वर्गात वाचून दाखवतो, आणि दरवर्षी वाचताना आवाज जड होतो. आपल्याच देशात, आपल्याच आयोगाकडून आलेलं पत्र! फिंची आणि रोमा समाजाचे देर्वो सेयदिच स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेले, २००९मध्ये जिंकले. पुढे आझ्रा झोर्निच गेल्या. त्यांना कुठलाच गट सांगायचा नव्हता, फक्त देशाची नागरिक म्हणवून घ्यायचं होतं. २०१४मध्ये त्याही जिंकल्या. पण पहिल्या निकालाला दहा वर्षं उलटली तरी राज्यघटनेतली ती अट निघाली नव्हती.

म्हणून मी गटाला हक्क द्यावेत की नाही इथून सुरुवात करत नाही. माणसाचा गट कोण ठरवतं आणि त्यातून त्याला बाहेर पडता येतं का, हे आधी बघतो. न्यूझीलंडच्या संसदेत १८६७पासून माओरींसाठी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांसाठी, वेगळ्या जागा आहेत. पण माओरी मतदारयादीत नाव ठेवायचं की सर्वसाधारण यादीत, हे माओरी मतदार स्वतः ठरवतो. तिथे भिंत आहे, पण तिला दार आहे आणि कडी आतून आहे.

रात्रवाचक: नवीपाटीची भीती मला रास्त वाटते. रवांडात बेल्जियमच्या राजवटीने १९३०च्या दशकात ओळखपत्रावर वंश छापायला सुरुवात केली. हुतू, तुत्सी, त्वा असे शब्द छापलेले, आणि लागू नसलेल्यांवर रेघ मारलेली. १९९४मध्ये तुत्सींच्या नरसंहारात रस्ते अडवून तीच कार्डं तपासली गेली. रेघ कुठल्या शब्दावर नाही, यावर जीव गेला किंवा वाचला. नंतरच्या सरकारने कार्डावरून तो रकाना काढून टाकला.

आडवीरेघ: खडूफळा सर, तुम्ही सांगताय ते नागरिक झाल्यानंतरचं. ज्यांना उंबरठ्यावरच अडवलं त्यांचं काय? सिलोनच्या (आताच्या श्रीलंकेच्या) १९४८च्या नागरिकत्व कायद्याने चहामळ्यांतल्या भारतीय वंशाच्या तमिळ मजुरांना बाहेर ठेवलं. नागरिकत्वासाठी बापाचा किंवा आजा-पणजाचा जन्म तिथला असल्याचं दाखवायचं होतं. मळ्यातल्या मजुराकडे पणजोबाचा दाखला कुठून येणार? लाखो माणसं राज्यहीन झाली, म्हणजे कुठल्याच देशाची नागरिक उरली नाहीत. उरलेल्यांना सरसकट नागरिकत्व देणारा कायदा यायला २००३ उजाडलं. आणि कायद्याच्या मजकुरात 'तमिळ' असा शब्दही लागला नव्हता, फक्त कागद मागितले होते.

खडूफळा: आडवीरेघ, हे मी आधी सांगायला हवं होतं. नवीपाटी, 'राज्याने वंश बघू नये' या तुझ्या वाक्याला सगळ्यात अवघड उदाहरण हेच आहे. त्या कायद्यात वंशाचं नाव नव्हतं, तरी फटका नेमका कुणाला बसला ते बघ.

नवीपाटी: हे वाचून सुन्न झाले. निबंध पुन्हा लिहिते. पण लेबनॉन?

खडूफळा: तिथे १९४३च्या अलिखित कराराने राष्ट्राध्यक्ष मारोनाइट ख्रिश्चन, पंतप्रधान सुन्नी, सभापती शिया असं ठरलं. संसदेत ख्रिश्चन-मुस्लिम प्रमाण सहास पाच होतं. १९८९च्या ताइफ करारात ते निम्मं-निम्मं झालं. सहास पाचला आधार होता १९३२च्या जनगणनेचा. त्यानंतर तिथे अधिकृत जनगणनाच झालेली नाही, कारण डोकी मोजली की वाटणी पुन्हा मांडावी लागेल. म्हणजे वंश मोजायचा नाही हे फ्रान्सने तत्त्व म्हणून ठरवलं, आणि लेबनॉन भीतीपोटी धर्म-पंथ मोजत नाही. सरांना द्यायचं उत्तर तिथून सुरू कर.