मुलांना पहिल्यांदा थीम पार्कला कोणत्या वयात न्यावे?

प्रश्न : शाहूपुरीची आई (सातारा)

नमस्कार. माझा मुलगा सात वर्षांचा असून दुसरीत शिकतो आणि मुलगी साडेतीन वर्षांची आहे. पुण्याचे माझे दीर आणि जाऊबाई यांनी दिवाळीच्या सुट्टीत खोपोलीजवळच्या इमॅजिका या थीम पार्कला जायचे ठरवले आहे आणि आम्ही चौघांनीही सोबत यावे असा त्यांचा मनापासून आग्रह आहे. त्यांची मुले दहा आणि बारा वर्षांची असल्यामुळे त्यांना फारसा विचार करावा लागत नाही. मला मात्र निर्णय घेणे अवघड जात आहे.

माझी मुलगी कुकरच्या शिट्टीलाही दचकते. दुपारी एक ते तीन तिला झोप लागते आणि ती झोप चुकली की संध्याकाळपर्यंत ती रडत राहते. पुण्याला जाता-येताना खंबाटकी घाटात तिला हमखास गाडी लागते. मुलगा याच्या उलट आहे. यात्रेतल्या प्रत्येक पाळण्यात त्याला बसायचे असते. सासूबाई म्हणतात की मुलीला त्यांच्याजवळ ठेवून आम्ही तिघांनी जावे. यजमानांना ते पटत नाही, कारण भावाला नेले आणि आपल्याला नेले नाही ही गोष्ट तिच्या मनात राहील असे त्यांना वाटते. केवळ वयावरून हे ठरवता येते का, आणि येत नसेल तर नेमके काय पाहावे, हे ज्यांनी लहान मुलांना नेले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : बालवाडीच्या बाई (कराड)

ताई, मी गेली अनेक वर्षे तीन ते सहा वयोगटातील मुलांना शिकवते, त्यामुळे आधी आपल्या मुलीविषयी लिहिते.

या वयात खरे आणि खोटे यांतली सीमा मुलांच्या मनात अजून पक्की झालेली नसते. मोठे डोके आणि थिजलेले हसू असलेला मुखवटा घालून माणसाएवढे अस्वल समोर आले, तर त्याच्या आत एक दादा आहे हे आपण सांगितले तरी मुलाच्या दृष्टीने ते अस्वलच असते. आमच्या स्नेहसंमेलनात एकदा एका पालकांनी हौसेने असा पोशाख घातला होता. त्यांचा स्वतःचा मुलगाच त्यांना पाहून किंचाळत माझ्या पदराआड लपला आणि त्यांनी मुखवटा काढून दाखवल्यानंतरही कितीतरी वेळ तो त्यांच्याकडे जाईना. अंधाऱ्या बोगद्यातून जाणारी गाडी, अचानक होणारा आवाज आणि अंगावर येणारा प्रकाश यांचेही तसेच आहे. कुकरच्या शिट्टीला दचकणाऱ्या मुलीला दिवसभर असे आवाज सहन करायला लावणे मला योग्य वाटत नाही.

दुसरी गोष्ट गाडी लागण्याची. दोन वर्षांच्या आतील मुलांना हा त्रास सहसा होत नाही. तो दोन ते बारा या वयात अधिक दिसतो आणि पुढे बहुतेकांचा कमी होत जातो. डोळ्यांना जे दिसते आणि कानाच्या आतील तोल सांभाळणारी यंत्रणा जे सांगते, त्यांचा मेळ बसत नाही म्हणून मळमळते. घाटात जिला उलटी होते, तिला गोल फिरणाऱ्या पाळण्यातही तसाच त्रास होण्याची शक्यता मोठी आहे. साताऱ्याहून खोपोली सुमारे १९० किलोमीटर आहे, म्हणजे एका बाजूचा प्रवासच चार तासांच्या आसपास जातो. पहाटे उठून निघालेली, वाटेत उलटी झालेली आणि दुपारची झोप बुडालेली मुलगी पार्कच्या दारात कोणत्या अवस्थेत पोहोचेल, याचा विचार वयाच्या आकड्याआधी करावा. कधीही निघालात तरी निघण्यापूर्वी तिला हलके खायला द्यावे, घाटात मोबाइल हातात देऊ नये, खिडकीतून लांबचे डोंगर बघायला लावावे आणि औषध द्यायचेच असेल तर ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच द्यावे.

आठवणीचा मुद्दाही आपल्या घरात निघाला असेल. मोठेपणी बहुतेकांना तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचे काही आठवत नाही, हे खरे आहे. परंतु आठवत नाही म्हणून त्या दिवसाचा आनंद वाया गेला असे मी मानत नाही. आठवत नसलेली भीतीही बराच काळ टिकते. माझ्या नात्यातील पाच वर्षांच्या एका मुलाला, तो नको म्हणत असताना, ‘एकदा बसला की भीती जाईल’ असे म्हणत अंधाऱ्या राइडमध्ये बसवले होते. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे तो लिफ्टमध्ये पाय ठेवत नव्हता. म्हणून माझी पहिली कसोटी अशी आहे की मुलाला ‘मला हे नको’ असे स्पष्ट सांगता आले पाहिजे आणि आपली ते ऐकण्याची तयारी असली पाहिजे. बहुतेक मुलांच्या बाबतीत हे पाच-सहा वर्षांच्या सुमारास जमते, आणि तोवर रांगेत अर्धा तास उभे राहणेही त्यांना जमू लागलेले असते.

उत्तर २ : कुपवाड एमआयडीसी (सांगली)

मी यंत्र अभियंता आहे, म्हणून उंचीच्या अटीविषयी लिहितो. अनेक पालक ही अट म्हणजे दारावरच्या कर्मचाऱ्यांची अडवणूक समजतात आणि मुलाला टाचा उंच करायला सांगतात. कृपया असे कोणीही करू नये.

राइडमध्ये माणसाला जागेवर धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे मांडीवर येणारा दांडा किंवा खांद्यावरून खाली येणारी चौकट. ही साधने ठरावीक मापाच्या शरीरासाठी बनवलेली असतात. दोघांसाठी एकच दांडा असेल, तर तो वडिलांच्या मांडीला टेकून थांबतो आणि शेजारी बसलेल्या मुलाच्या मांडीवर मोकळी फट राहते. गाडी उतारावर वेगाने गेली की अंग बाकावरून उचलले जाते, आणि त्या वेळी ती फटच धोक्याची असते. पाय खाली टेकत नसतील तर मूल पुढे सरकून दांड्याखालून निसटूही शकते. त्यातच लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते आणि मानेचे स्नायू पुरेसे बळकट झालेले नसतात, त्यामुळे अचानक बसणारा हिसका त्यांना आपल्यापेक्षा जास्त लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात साडेतीन वर्षांच्या मुलीची मध्यम उंची सुमारे ९९ सेंटिमीटर, पाच वर्षांच्या मुलीची १०९ आणि सात वर्षांच्या मुलाची जवळपास १२२ सेंटिमीटर आहे. मोठ्या रोलर कोस्टरसाठी साधारणपणे १२० ते १४० सेंटिमीटर उंचीची अट असते, आणि १४० हा आकडा बहुतेक मुले दहा वर्षांनंतरच गाठतात. म्हणजे आपल्या मुलीला फक्त अगदी सौम्य राइड मिळतील, मुलगा सीमेवर असेल आणि त्याची चुलत भावंडे जवळपास सगळीकडे बसतील. आपण घरीच भिंतीला पाठ लावून, चप्पल-बूट काढून दोघांची उंची मोजावी, पार्कच्या संकेतस्थळावर प्रत्येक राइडची अट पाहावी आणि मुलाला कोणत्या राइडवर बसता येणार नाही हे त्याला निघण्यापूर्वीच सांगावे. अर्धा तास रांगेत उभे राहून शेवटी मोजपट्टीपाशी परत फिरावे लागणे मुलांच्या मनाला फार लागते.

एक सूचना यात्रेविषयीही करतो, कारण आपला मुलगा तिथल्या पाळण्यांत बसतो असे आपण लिहिले आहे. ब्रेक डान्ससारख्या गरागरा फिरणाऱ्या पाळण्यात वेगामुळे माणूस बाहेरच्या बाजूला रेटला जातो. अशा वेळी मोठ्या माणसाने बाहेरच्या बाजूला आणि मुलाने आतल्या बाजूला बसावे, नाहीतर आपले सगळे वजन मुलावर येते. यात्रेत उंची कोणी मोजत नाही, त्यामुळे तिथे ही काळजी आपणच घ्यावी लागते.

उत्तर ३ : विश्रामबागचे बाबा (सांगली)

वरील दोन्ही उत्तरे मोलाची आहेत. तरीही माझा अनुभव वेगळा आहे, तो नोंदवतो.

आमची धाकटी अडीच वर्षांची आणि थोरला आठ वर्षांचा असताना आम्ही सगळे एका पार्कला गेलो होतो आणि तो दिवस सर्वांचाच चांगला गेला. त्याचे मुख्य कारण असे की सोबत माझे आईवडील होते आणि धाकटीने पार्क ‘पूर्ण पाहावा’ अशी आमची अपेक्षा नव्हती. सांगलीहून खोपोलीच्या परिसरात पोहोचायला ३०० किलोमीटरहून अधिक अंतर पडते, म्हणून आम्ही आदल्या रात्री पुण्यात नातेवाइकांकडे मुक्काम केला. धाकटी सकाळी घोड्यांच्या गोल पाळण्यात चार वेळा बसली, दुपारी आजीच्या मांडीवर सावलीत दोन तास झोपली आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर टाळ्या वाजवत हिंडली. तिला तेवढेच पुरेसे होते. मुलांपेक्षा मोठी माणसे संख्येने जास्त असतील आणि त्यांतला एखादा जण एकही राइड न घेता धाकट्यापाशी बसायला आनंदाने तयार असेल, तर वय लहान असूनही जाता येते, असे माझे मत आहे. आपल्यासोबत दीर आणि जाऊबाई आहेत. परंतु ते आपल्या मुलांबरोबर मोठ्या राइडवर असतील आणि दिवसभर मुलीला आपणच सांभाळत बसाल, असे होऊ नये. हे आधी मोकळेपणाने बोलून घ्यावे.

उत्तर ४ : कृष्णाकाठ (वाई)

तिकिटाच्या सवलतीसाठी घाई करू नये, एवढेच सांगायचे आहे. हाँगकाँगच्या डिस्नेलँडमध्ये तीन वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, टोकियोत चार वर्षांखालील मुलांना लागत नाही, आणि विमानात दोन वर्षांखालील बाळ मांडीवर नेता येते. माझ्या ओळखीची काही कुटुंबे केवळ यासाठी वाढदिवसाच्या आत सहल उरकतात आणि बाळाचा सगळा वेळ कडेवर किंवा बाबागाडीत जातो. डिस्नेच्या अमेरिकेतील पार्कांत एक सोय मात्र फार चांगली आहे. एक पालक राइड घेत असताना दुसरा लहान मुलापाशी थांबतो, आणि नंतर दोघांची अदलाबदल करताना पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. आपल्याकडच्या पार्कांतही दारावर अशी विचारणा अवश्य करावी.

उत्तर ५ : मिरजेचे आजोबा

मुंबईत गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड सुरू झाले, त्यानंतर काही वर्षांनी मी माझ्या मुलाला तिथे नेले. तेव्हा तो दहा वर्षांचा होता. रेल्वेने मुंबई, तिथून खाडीच्या धक्क्यापर्यंत आणि पुढे बोटीने, असा तो प्रवास होता. आज तो चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे, ते पार्क २०२२ मध्ये बंद झाले, पण त्या बोटीच्या प्रवासाचे बारकावे तो अजून सांगतो. सहलीच्या आधी महिनाभर त्याने वहीत कोणत्या पाळण्यात किती वेळा बसायचे याचा हिशेब मांडला होता. वाट पाहणे, बेत आखणे आणि परतल्यावर वर्गमित्रांना सांगणे, हे सारे त्या सहलीचाच भाग होते, आणि साडेतीन वर्षांच्या मुलाला यांतले काहीच करता येत नाही. म्हणून पहिली मोठी सहल आठ ते दहा या वयात व्हावी, असे मला वाटते. त्याआधी गावची यात्रा, बाग आणि नदीकाठ मुलांना पुरेसा असतो.

मुलीला घरी ठेवले तर तिच्या मनात सल राहील, ही आपल्या यजमानांची काळजी मला समजते. तिला घरी ठेवणार असाल तर तो दिवस तिचाही करावा. आजीबरोबर तिने कुठे जायचे, काय खायचे, हे तिला आधी विचारावे आणि भाऊ निघण्यापूर्वीच तिची तयारी सुरू झालेली असावी.

शाहूपुरीची आई (सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री दोघांचीही उंची मोजली. मुलगी ९७ आणि मुलगा ११८ सेंटिमीटर भरला. कुपवाडच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही मुलाला जवळ बसवून या वेळी मोठ्या कोस्टरवर बसता येणार नाही, तिथे दादा आणि ताई बसतील, हे समजावले. तो थोडा वेळ रडला. मग स्वतःहून वही घेऊन आला आणि ज्या राइडवर बसता येईल त्यांची नावे माझ्याकडून लिहून घेतली.

विश्रामबागच्या बाबांचे म्हणणे मला पटले होते. परंतु सासूबाईंना गुडघेदुखीमुळे एवढे चालवत नाही, आणि जाऊबाईंना विचारले तेव्हा आपण मुलांबरोबर राइडवर असणार हे त्यांनीही प्रामाणिकपणे सांगितले. त्यामुळे यजमान आणि मुलगा आदल्या दिवशी पुण्याला मुक्कामाला जातील आणि मी मुलीसह घरी थांबेन. यजमान अजून थोडे नाराज आहेत. हिवाळ्यात पुसेगावच्या यात्रेला आम्ही सगळे जाणार आहोत. तिथे मुलीला लहान पाळण्याजवळ नेऊन आधी नुसते बघू द्यायचे आणि ती स्वतः म्हणाली तरच बसवायचे, असे ठरवले आहे. बाई, पाळण्यांच्या कर्ण्याच्या आवाजाची तिला आधीपासून थोडी सवय कशी करावी?

बालवाडीच्या बाई (कराड)

ताई, यात्रेत संध्याकाळची गर्दी होण्यापूर्वी, सकाळी जावे. पाळणे सुरू होण्याच्या आधी, ते बंद असताना तिला जवळून दाखवावेत आणि हात लावू द्यावा. मग लांब उभे राहून ते सुरू होताना पाहावे आणि तिच्या कलाने जवळ जावे. तिने कानांवर हात ठेवले तर ते काढायला लावू नयेत. घरी कुकरची शिट्टी होण्यापूर्वी ‘आता शिट्टी होणार’ असे सांगून तिच्याकडून तीनपर्यंत मोजून घ्यायला आजपासूनच सुरुवात करावी. आवाज कधी येणार हे आधी कळले की मुलांचे दचकणे बरेच कमी होते.