पितळी जडावकाम: टोकदार कोपरा कसा काढावा? मदत हवी आहे
मंडळी, शिसवी डबीच्या झाकणावर पितळी पत्र्याची छोटी पानं जडवतोय. पान आधी कापून घेतो, लाकडावर ठेवून कडेने धारदार सुरीने रेघ मारतो (पेन्सिलची रेघ जाड पडते, तिथेच फट राहते) आणि आतलं लाकूड काढतो. खोली पत्र्याच्या जाडीपेक्षा किंचित कमी, म्हणजे पत्रा केसभर वर राहतो आणि नंतर घासून सपाट करता येतो. इथवर ठीक.

अडतं ते पानाच्या टोकाशी. राउटरचं (लाकूड कोरायच्या यंत्राचं) पातं गोल फिरणार, तेव्हा तो कोपरा हातानेच काढायचा. पण माझी सर्वांत अरुंद पटाशी 3 मिमीची, आणि लाकडाच्या रेषांना आडवं कापलं की कपची उडते. तिथे तुम्ही काय वापरता? जाड सुईला धार लावून जमेल का?

दुसरं, इपॉक्सीत (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या गोंदात) शिसवीचाच बारीक भुसा मिसळून फटी भरल्या तर दिसत नाहीत. पण पुढची डबी फिकट लाकडाची आहे, आणि तिथे पितळ घासताना त्याची पूड रेषांत बसून लाकूड मळकट होतं. आधी शेलॅकचा (लाखेच्या पॉलिशचा) एक हात दिला तर पुरेल, की पॉलिश पेपर टाळून कानसच चालवावी?